सूनबाईचा संगणक आणि माझी बिनफटीची पेटी

माझी सून घरी बसून चित्रफितींचे संपादन करते आणि संध्याकाळी कानाला हेडफोन लावून मैत्रिणींबरोबर बंदुकांचा खेळ खेळते. यातील पहिली गोष्ट मी पाहुण्यांना सांगत असे. दुसरी सांगत नसे. मी सुतार. पन्नास वर्षे लाकूड कापले आणि पासष्टाव्या वर्षी प्रौढ वर्गात अक्षर ओळखले. तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक कागद मी मोठ्याने वाचतो व त्यावर मतही देतो. घरच्यांनी हे दोन्ही सोसले आहे.

गेल्या वर्षी तिला एका माहितीपटाचे काम मिळाले. महिनाअखेरीस ते वेळेत दिले, तर पुढील वर्षभराचे काम तिचे. न दिले, तर दुसरे कोणी रांगेत उभेच होते. तिचा जुना संगणक मात्र दोन मिनिटांच्या फितीलाही धापा टाकत असे. हाताशी पैसे बेताचे होते. म्हणून सुटे भाग घेऊन संगणक स्वतः जोडायचा, असे तिने ठरवले आणि यादी लिहिली. मी ती अडखळत वाचली व निकाल दिला.

"ग्राफिक्स कार्ड काढून टाक. ते खेळाचं आहे."

"बाबा, खेळात चित्र पळवतं तेच कार्ड कामात रंग चढवतं. तुमची एकच करवत पलंगालाही चालते आणि पाळण्यालाही, नाही का?"

करवतीचा दाखला निघाल्यावर मी यादी तिला परत दिली.

दुकानात तिची निवड पाहण्यासारखी होती. कार्ड तिने मागच्या वर्षीचे घेतले, प्रोसेसर मधल्या प्रतीचा. मेमरी मात्र दुप्पट, कारण संपादन मेमरी खाते. वीज पुरवणारा डबा दुकानदाराने स्वस्तातला पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "काका, हाच कच्चा निघाला तर बाकीचे सगळे भाजून निघतील. चांगला द्या."

"तुमच्या सूनबाई ऐकणाऱ्यातल्या नाहीत," दुकानदार मला म्हणाला.

"आमचाही तोच अनुभव आहे," मी म्हणालो. तिने वळून पाहिले. मी छताचा पंखा पाहू लागलो.

शेवटी बेरीज हाताबाहेर गेली. एक तर दुप्पट मेमरी, नाही तर सगळे भाग बसवायची पेटी. ती मेमरी परत करू लागली आणि माझ्या तोंडाला कुलूप राहिले नाही. "पेटी मी करतो! पत्र्याच्या डब्याला कसले पैसे द्यायचे?"

तिने मला आराखडा काढून दिला. मापे लिहिली, समोरच्या फळीवर दहा गोल भोके काढली आणि खाली लिहिले, "हवेसाठी". मी ते वाचले. अगदी बिनचूक वाचले. परंतु माझ्या उस्तादांची शिकवण अशी की, सांध्यात कागद शिरला तर त्या दिवसाची मजुरी नाही. शिवाय माझ्याजवळ सागवानाची एक फळी होती. योग्य प्रसंगाची वाट पाहत मी ती एकोणीस वर्षे जपली होती. तिची चाळण करायची? मी मागे पंख्यापुरते एक भोक ठेवले, समोरची बाजू अखंड बंद केली आणि पॉलिशचे तीन हात दिले.

"बाबा, समोरची भोकं?"

"मागं आहे ना एक. घराला काय चारी बाजूंनी दारं असतात?"

तिला घाई होती. तिने भाग बसवले.

पहिल्याच संध्याकाळी संगणक खेळाच्या ऐन लढाईत बंद पडला. मैत्रिणींनी "पळपुटी" म्हणून तिची यथेच्छ टर उडवली. मला मनातून बरेच वाटले. पण दुसऱ्या सकाळी माहितीपट तयार होत असता चाळीस टक्क्यांवर पुन्हा तेच घडले. परत लावला, तर अडतिसावर. मुदतीला दोन दिवस उरले होते.

"माझीच निवड चुकली," ती म्हणाली. "जुनं कार्ड घेतलं, तेच दगा देतंय. माहितीपटवाल्यांना कळवून टाकते, जमत नाही म्हणून."

तिने फोन हातात घेतला. मी सहज फळीवर हात ठेवला. फळी इस्त्री फिरवलेल्या कपड्यासारखी गरम होती.

आयुष्यभर मला एक सोय होती. चूक झाली की म्हणावे, मला कुठे वाचता येते! ती सोय मी स्वतः वर्गात जाऊन घालवली होती.

"पोरी, फोन ठेव. कार्ड नाही चुकलं. सुतार चुकला."

तिने पेटीला हात लावला व चटकन मागे घेतला. "मी काय लिहिलं होतं तिथं?"

"हवेसाठी."

"वाचलं होतंत?"

"वाचलं होतं. पटलं नव्हतं."

ती एवढी हसली की डोळे पुसावे लागले. मग म्हणाली, "आता पटलं असेल, तर ड्रिल आणा."

भुसा आत जाऊ नये म्हणून तिने सर्व भाग काढून घेतले. एकोणीस वर्षांच्या फळीला मी स्वतः दहा भोके पाडली. "आणखी दहा," ती म्हणाली. मी पाडली. प्रत्येक भोकाला माझ्या तोंडून "अरेरे" निघत होते आणि ती आकडा मोजत होती. दुपारी माहितीपट पुन्हा सुरू केला. चाळीस टक्के गेले, साठ गेले. तापमान किती, हे ती तापकऱ्याजवळ बसलेल्या परिचारिकेसारखे सांगत राहिली. चार वाजता काम पुरे झाले आणि दुसऱ्या दिवशी पोचते झाले. वर्षाचे काम तिला मिळाले.

आता तिचा खेळही मी पाहुण्यांना सांगतो. संध्याकाळी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो. समोरून गोळी आली की ती ओरडते, "बाबा, वाका!" आणि सत्तरीच्या घरातला हा गृहस्थ खरोखर खाली वाकतो.