ओळीतली पुढची जागा

रुझारचा फोन आला तेव्हा मी सकाळची पेज जेवत होते. "बाई, इनासकाका गेले," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "...खंय खणू?" आमच्या चर्चच्या दफनभूमीत कबरी रुझारच खणतो, तेव्हा त्याचं विचारणं रास्तच होतं. पण मी हातातली पेज खाली ठेवली. ओळीत पुढचा नंबर कोणाचा, ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. माझ्या आईचा.

आता या गोष्टीला दीड वर्ष झालं. आमची दफनभूमी म्हणजे एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला समुद्र. वाढवायला वाव नाही. म्हणून इथे जागा कोणाच्याही मालकीची नसते. बारा वर्षं भरली की ओळीने एकेक कबर उघडायची, हाडं लाकडी पेटीत घालून मागच्या कोठीत ठेवायची आणि मोकळ्या जागेत नवा माणूस निजवायचा. हा कारभार इनासकाकांनी सुरू केला आणि अंथरूण धरेपर्यंत एकट्याने रेटला. पोफळीसारखा सडसडीत माणूस, पण जीभ तिखट. मुंबईच्या एका चाकरमान्याने बापाच्या कबरीसाठी संगमरवर आणला, तर काकांनी टेम्पो फाटकातच अडवला. "बापूस जितो आसताना वर्सातसून एकदा तरी इल्लस काय रे? आता लादी घेवन इलस!" संगमरवर आला तसा परत गेला. काकांना दुवा देणारे थोडे आणि शिव्या देणारे फार. शिव्या देणाऱ्यांत पुढे मीही आले.

आई गेली तेव्हा मी नांदगावला शाळेत शिकवत होते. पोचेपर्यंत वर माती पडली होती. तिचं तोंड शेवटचं पाहिलं नाही, तेव्हा माझ्यासाठी आई म्हणजे ती कबर आणि तिच्यावरचा खुरीस, लाकडाचा साधा क्रूस, एवढंच उरलं. काका जायच्या आदल्या वर्षी तिची बारा वर्षं भरली. मी काकांच्या घरी गेले, पडवीत बसले आणि म्हटलं, "काका, आईची तेवढी राहू दे. कधी काही मागितलं नाही मी."

"तुज्या आवशीक सोडू, मगे उद्या येतल्याक खंय निजवू गो? माज्या पडवेत?"

मी ताडकन उठले. त्यानंतर चर्चमध्ये ते उजवीकडे बसले की मी डावीकडे. पन्नाशी उलटलेल्या बाईने एवढा अबोला धरावा... पण धरला. पुढे भर पावसात गावातली रोझीआजी वारली. ओळीत नंबर आईचाच होता. मी तापाने पडले होते. बरी होऊन दफनभूमीत गेले तर आईचा खुरीस होता तिथेच. मी तसूभरही पुढे गेले नाही, तिथूनच मागे फिरले. बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर काका मनातून थोडे उतरलेही. शेवटी ओळखीपाळखीवरच आले म्हणायचे! आभार मात्र मानले नाहीत.

मग ते आजारी पडले आणि फादरनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. तेव्हापासून रोज कोणीतरी दारात. कोणाला आईबाप एका जागी हवेत, कोणाला सावली हवी, कोणाला रस्त्याकडची बाजू नको. सगळे रडतात, आणि सगळ्यांना नाही म्हणायचं. दवाखान्यात काकांना भेटायला गेले तेव्हा मी कामापुरतंच बोलले. म्हटलं, "दमले मी."

"दमतलसच," ते म्हणाले. "मेलेल्यांचो तरास नाय गो. जित्यांचो."

तीच आमची शेवटची भेट.

काका गेल्यावर कमिटीतले दोघेतिघे म्हणाले, एवढी सेवा केली, त्यांना फाटकाजवळ कायमची जागा देऊ. फादरनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं असतं तर आई वाचली असती. पण दुसऱ्या दिवसापासून कोणाला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होते? काकांचा मला रागच आला. मरतानाही माझ्याच आईच्या जागेवर येऊन ठेपले. "ओळीनेच," मी रुझारला सांगितलं. "आईची काढ."

पेटी घेऊन कोठीत मी स्वतः गेले. खालच्या फळीवर एक नवी पेटी होती, झाकणावर काकांच्या तिरक्या अक्षरात त्यांच्या बायकोचं नाव. तिला जाऊन दहाच वर्षं झालेली. तिचा नंबर यायला अजून दोन वर्षं होती. मी रुझारकडे बघितलं.

"पावसात रोझीआजीक हिच्या जाग्यार निजवली," तो खाली मान घालून म्हणाला. "नंबर तुमच्या आवशीचो होतो. पण काका म्हणाले, बाईची आवस ऱ्हवांदे आजून, माजी बायल माका समजान घेतली. तुमका सांगू नको म्हणान ताकीद होती."

मी आईची पेटी तिच्या शेजारी सरकवली आणि तिथेच फळीला धरून उभी राहिले. बाहेर लोक खोळंबले होते.

आता महिन्या-दोन महिन्यांनी कोठी उघडावीच लागते. काम काही सुटलेलं नाही. आत गेले की आधी ते तिरकं अक्षर वाचते, "चुकलं हं माझं," म्हणते, आणि रुझारला पुढचा नंबर सांगते.