बोगद्यातला शिंपला

आमचे हे बोगद्याचे इंजिनिअर. बोगदा खणायच्या आधी जमिनीत खोल भोक पाडून दगडाची लांब कांडी बाहेर काढतात. ती बघून खालचा खडक भरवशाचा आहे की नाही ते ठरवायचं, हे यांचं काम. स्वतः मोजलं नाही त्यावर सही करायची नाही, हा यांचा हेका. त्यापायी साहेबांशी कितीदा वाजलंय.

ऑफिसातले चिडवतात, "दगडाचं वय कोटींत सांगतोस आणि रविवारी चर्चला जातोस?" हे म्हणतात, "दगड कोणी केला ते ठाऊक आहे, म्हणून तर इतका निरखून बघतो." आणि डबा उघडून जेवायला लागतात.

आम्हाला मूलबाळ नाही. रविवारी उपासना चालू असताना चर्चच्या मागच्या खोलीत हे लहान मुलांचा वर्ग घ्यायचे. यांचा सगळा जीव त्या वर्गात. आता गप्प आपलं पुस्तकातलं शिकवावं की नाही? तर एकदा एक कांडी पिशवीत घालून नेली. तिच्यात शिंपल्याचा ठसा होता. मुलांच्या हातात ती दिली आणि वर सांगितलं, "हा देवानेच केला, पण फार फार पूर्वी. देवाला कसलीच घाई नव्हती."

झालं. आठवड्याच्या आत चर्चचे पाळकसाहेब घरी. माणूस वाईट नाही, पण मंडळीतले दोघे-तिघे त्यांच्या मानगुटीवर बसलेले. म्हणाले, "दादा, मुलांना एवढंच सांगा, सृष्टी झाली ती चोवीस तासांच्या सहा दिवसांत. नाहीतर वर्ग दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल."

मी स्वयंपाकघरातून खुणा करतेय, हो म्हणा म्हणून. कुठलं काय.

"देवाने केली, यावर म्हणाल तिथे सही करतो," हे म्हणाले. "दिवस केवढे होते, ते मी मोजलेलं नाही."

"मग नाही सांगणार?"

"मुलं माझं खरं मानतात हो."

पाळकसाहेब गेल्यावर मी यांना चांगलं फैलावर घेतलं. एक वाक्य बोलले असते तर काय जीभ झडली असती? हे चहाचे कप विसळत राहिले.

रविवारी हे माझ्या शेजारी बाकावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गाणं सुरू झालं आणि मला कळलं, आपल्या नवऱ्याला सुराचा गंध नाही. गाणं संपलं तशी मुलं मागच्या खोलीकडे निघाली. त्यातली सगळ्यात धाकटी आमच्या बाकापाशी थांबली आणि यांचं बोट धरून ओढायला लागली. हे उठेनात. तिने दोन्ही हातांनी ओढलं.

"जा बाळा," हे बोट सोडवत म्हणाले, "नवीन बाई वाट बघताहेत."

मला तिथेच रडू कोसळलं.