ताराचं तांब्याचं तपेलं

पार्से गावात गेल्या पस्तीस वर्षांत ताराच्या पायांवर न्हायलं नाही असं मूल विरळा. बाळंतिणीला शेक, बाळाला तेल, सगळं तिच्याच हाती. बाईच्या हाताला यश होतं आणि तोंडाला लगाम नव्हता. दुधाच्या बाटलीचं नाव काढलं की चवताळायची.

आणि नेमकी तिच्याच घरात बाटली आली. मुलगी रेश्मा बाळंतपणाला आलेली. कारखान्याची रजा संपली, दूधही आटलं, आणि तीन महिन्यांच्या साईशला डब्याची पावडर सुरू झाली. रेश्मा कामावर, पोर आजीकडे. डब्याच्या दुधात कसलं आलंय सत्त्व, म्हणून ताराने माळ्यावरचं तांब्याचं तपेलं काढलं. तांब्यातलं अंगी लागतं, हे तिच्या आईचं सांगणं. सकाळीच त्यात दिवसभराचं दूध कालवायचं, लागेल तसं कोमट करायचं. कल्हईवाला गावात यायचा बंद होऊन वर्षं लोटली होती, आणि उरलीसुरली कल्हई ताराने आमसुलाने घासून काढली. तपेलं आतबाहेर लखलखलं. तिला त्याचं कोण कौतुक.

आठव्या महिन्यात न्हाऊ घालताना साईशच्या उजव्या बरगडीखाली काहीतरी टणक लागलं. गावभरच्या पोरांची पोटं ओळखणारे हात ते. पण आपल्या माणसाच्या बाबतीत हातही खोटं बोलतात. वारा धरलाय म्हणाली, हिंग लावला, चोळत राहिली. दोन महिन्यांनी डोळे हळदीसारखे झाले, तेव्हा कुठे हॉस्पिटल.

"दूध कशात करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तांब्यात," तारा ताठ मानेने म्हणाली. "आमच्याकडे प्लास्टिक नाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आईच्या दुधात तांबं अगदी कणभर असतं, बाळाला पेलेल तेवढंच, असं त्या हळू आवाजात सांगू लागल्या. पावडरीत ते मोजून घातलेलं असतं. त्यावर कल्हई नसलेल्या तपेल्यातलं रोज उतरत गेलं आणि लिव्हरमध्ये साठलं. रेश्मा आईकडे बघत नव्हती.

वर्षाचा होऊन पंधराव्या दिवशी साईश गेला.

लिव्हर जन्मतःच कमजोर होतं, असंच रेश्माने सासरी आणि गावात सांगितलं. आईला ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या गप्प राहण्याने तारा आतून खंगली.

चतुर्थी झाल्यावर वाड्यावरची क्षमा आपल्या मुलीला न्हाऊ घालायला बोलावू लागली. ताराला नाही म्हणवेना. पाय पसरून बसली, बाळ घेतलं, तेल लावलं, आणि नजर गॅसवर गेली. तांब्याचं तपेलं, शेजारी पावडरीचा डबा.

"तुझंच बघून काढलं गे मावशे," क्षमा हसून म्हणाली. "साईशला तू यातलंच द्यायचीस ना."

नुसतं 'स्टीलचं वापर' म्हणून भागलं नसतं. गाव ताराचा शब्द नाही, ताराची रीत उचलायचं.

"त्यानंच माझा साईश गेला, बाय," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

क्षमाने बाळ तिच्या पायांवरून उचललं. मग मोरीत दूध ओतल्याचा आवाज आला. तेलाचे रिकामे हात मांडीवर ठेवून तारा तशीच बसून राहिली.