दौंडात आलेल्या होड्या

घोड नदीवरच्या धरणात मासेमारीचा ठेका घेतलेल्या एका कंपनीला इंग्रजी माहितीपुस्तिका हवी होती. ते काम आमच्या पुण्याच्या ऑफिसकडे आलं आणि साहेबांनी मला पाठवलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यात कमी बोलणारी; कुणाशी वाद घालणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा. कंपनीने प्रत्येक होडीला एक डबा दिला होता. होडी कुठे आहे, हे तो डबा दौंडच्या ऑफिसातल्या संगणकाला सतत कळवायचा. त्यामुळे मासळीची चोरटी विक्री थांबली, असं मी लिहायचं होतं.

सकाळच्या एसटीने शिरूर गाठलं. तिथून वडापने (गावोगाव फिरणारी खासगी जीप) धरणाकाठी उतरले. पाणी खूप मागे हटलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात कुणीकुणी कलिंगडं लावली होती. होड्या मात्र सगळ्या काठाला उपड्या पडलेल्या. सावलीत एक बाई जाळं सांधत होत्या. नाव कमलमावशी.

"आज कुणी पाण्यात गेलं नाही?"

"मासं धरायचं पास बंद केल्यात. आमी म्हनं दौंडाला चोरून मासळी इकतो." त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुमी कंपनीच्या का?"

"नाही... म्हणजे, तशी हो."

"बरं हाय. दोन्हीकडं पाय."

मग मावशींनीच उलगडून सांगितलं. डबा चार्ज करावा लागतो आणि वस्तीवर भारनियमनामुळे दिवसदिवस वीज नसते. डबा बंद पडला की पास बंद. म्हणून वस्तीतले सगळे डबे पाटीत भरून त्या दौंडला बहिणीकडे नेतात. बहीण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहते, तिथे वीज जात नाही. संगणकाला दिसतं ते एवढंच, की होड्या दौंडला निघाल्या.

तेवढ्यात इंजिनाची मोठी बोट फटफटत गेली. तिच्या जाळ्याची वीण इतकी बारीक, की बोटाएवढं पिल्लूही सुटू नये.

"तिच्यावर डबा नाही?"

"ती ठेकेदाराची. मालकावर कुनी राखन ठेवतं व्हय?"

मी दौंडच्या ऑफिसात जाणारच होते. मावशींची पाटी घेऊन आम्ही दोघी जीपमध्ये बसलो. शेजारच्या फेटेवाल्यांनी नाकाला उपरणं लावलं.

"मावशे, मासळी हाय का काय पाटीत?"

"होड्या हायती, आप्पा. सरका जरा, न्हाईतर बुडाल."

सगळी जीप हसली. मीही हसले, आणि मग हसू आल्याचाच राग आला.

क्वार्टरमध्ये पंखा गरगरत होता. डबे प्लगला लागले आणि त्यांचे हिरवे दिवे लुकलुकू लागले. बहिणीने चिलापीचं (धरणातला मासा) कालवण आणि बाजरीची भाकरी वाढली. कालवण झणझणीत होतं. मावशींनी दोनच घास खाल्ले.

ऑफिसातले सुपरवायझर मला "या मॅडम" म्हणाले आणि मावशींना "बाहेर थांबा." मावशी थांबल्या नाहीत. त्यांनी चार्ज झालेल्या डब्यांची पाटी सरळ टेबलावर ठेवली.

"पुस्तिकेत लिहा," सुपरवायझर मला सांगत होते, "धरणातली एकही होडी आमच्या नजरेतून सुटत नाही."

माझा आवाज नेहमीसारखाच बारीक निघाला. "स्क्रीन इकडे वळवाल का?"

नकाशावर धरण रिकामं होतं. सगळे लाल ठिपके दौंडात, ऑफिसच्याच गल्लीत, एकावर एक चढलेले.

मावशी वाकून टेबलाखाली पाहू लागल्या. "सायेब, होड्या तर तुमच्या हापिसात आल्या. मासळी कुठं ठिवली?"

दारातला शिपाई तोंड फिरवून खोकला. सुपरवायझरांचे कान तांबडे झाले. "टेक्निकल चूक आहे," ते म्हणाले. "पास उद्यापासून चालू करतो. पण डबे आता होडीला रिबीट मारून पक्के करणार. काढता येणार नाहीत."

"आन् चार्ज कसं करायचं?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

"आणि तुमच्या मोठ्या बोटीवर डबा कधी बसवणार?" मी विचारलं.

"ती आमचीच आहे, मॅडम," ते म्हणाले. मी काहीतरी बालिश विचारलं असावं, असं ते हसले.

मावशी मला स्टेशनवर सोडायला आल्या. पुण्याची गाडी उभी होती. भर उन्हात फलाटावरचे दिवे जळत होते. मावशी मान वर करून त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"ह्यातला एक दिला असता आमाला," त्या म्हणाल्या. "जाऊ दे. रिबीट मारलं तर होडीच आणते दौंडाला, डोक्यावर. तवा तरी खरं बोलंल त्यांचा नकाशा."

गाडी हलली. चार्ज झालेले डबे पाटीत घेऊन त्या उलट्या वाटेने निघाल्या. रिबीट मारण्याआधी उद्या एक दिवस तरी त्यांना पाण्यात उतरायचं होतं.

पुस्तिकेत मी हे सगळं लिहिलं. साहेबांनी ते काढून टाकलं आणि ठेकेदाराच्या बोटीचा रंगीत फोटो छापला. म्हणून हे तुमच्यासाठी मराठीत लिहिलं आहे. ज्यांच्यावर पाळत ठेवली जाते त्यांना दिवा मिळत नाही, आणि ज्यांच्या हाती दिवा आहे त्यांच्यावर कुणाची पाळत नाही. त्या पुस्तिकेतल्या फोटोत बोटीवर डबा नाही. मी भिंग लावून पाहिलं.