आपटून बघण्यासाठी आलेला लॅपटॉप

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी फौजेत, सिग्नलमध्ये म्हणजे संदेशवहनाच्या शाखेत, हवालदार होतो. आमचं युनिट तेव्हा महाराष्ट्रातच, पीस स्टेशनला होतं. पीस स्टेशनला गोळीबार नसतो. परेड असते, गेम्स असतात आणि इन्स्पेक्शन असतं. जवानाला इन्स्पेक्शनची भीती जास्त.

मी पाचोऱ्याचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील दुसऱ्यांच्या शेतात कामाला जात. कॉलेजातल्या दोन सरांनी पुस्तकं दिली, परीक्षेच्या काळात एकाने घरी जेवायला बोलावलं, म्हणून मी बी.एस्सी. झालो. पुढचं सगळं फौजेने दिलं. ते ऋण मी मानतो. खाली जे लिहितो आहे ते ऋण विसरून लिहीत नाही.

त्या उन्हाळ्यात युनिटला एक लॅपटॉप आला. रेडिओ सेटला जोडायचा, मजकूर टाइप करायचा आणि सेटवरून पाठवायचा, असा त्याचा उपयोग. तो ट्रायलसाठी होता. खडबडीत वापरात, धुळीत, पाण्यात, पडझडीत तो किती टिकतो हे बघून आम्ही कळवायचं होतं. जाड धातूचं अंग, कोपऱ्यांना रबर, वर उचलायला मूठ. मूठ धरली की सुटकेस धरल्यासारखा एका हातात येई.

कंपनीचा एक इंजिनियर तो घेऊन आला होता. त्याने आमच्यासमोर लॅपटॉप टेबलावर ठेवला, सुरू केला आणि कोपराने ढकलून खाली पाडला. फरशीवर असा आवाज झाला की मागच्या रांगेतले उभे राहिले. त्याने उचलला, झाकण उघडलं. पडद्यावरची अक्षरं जशीच्या तशी.

"पुन्हा पाडू?" त्याने हसत विचारलं.

आमचे सुबेदार साहेब हसले नाहीत. इंजिनियर गेल्यावर ते म्हणाले, "उसका माल है, वो गिरा सकता है. अब हमारे चार्ज पे है. खरोंच भी आई तो कोर्ट ऑफ इन्क्वायरी."

फौजेबाहेरच्या वाचकांना हे समजावून सांगायला हवं. युनिटच्या चार्जवर असलेली वस्तू मोडली की चौकशी बसते. कोण ड्यूटीवर होता, कुणाच्या हातात होती, जबाब, सह्या. कुणाच्या तरी नावावर शेरा पडतो. म्हणून जी वस्तू मुद्दाम आपटून बघायला पाठवली होती, ती आपटू नये म्हणून आमच्या युनिटने जिवाचं रान केलं. सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली. आत फोम लावला, बाहेर हिरवा रंग दिला, वर पांढऱ्या अक्षरांत 'हँडल विथ केअर' लिहिलं. पेटीला कडी नव्हती की पट्टा नव्हता. पाठपिशवीत ती मावत नव्हती. दोन्ही हातांनी छातीशी धरूनच ती न्यावी लागे.

ती पेटी सांभाळण्याचं काम लान्स नायक देवराम गावितकडे आलं. देवराम साक्री तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका पाड्याचा. उंच, सडपातळ, क्रॉस कंट्रीत नेहमी पहिल्या पाचांत. परेडवर मला उस्ताद म्हणायचा, बराकीत भाऊ. आम्ही दोघेच खानदेशी, म्हणून संध्याकाळी त्याची बोली सुटायची.

"भाऊ, इतली महागनी वस्तू, नि तिले आपटाले धाडेल शे?"

"हो."

"मंग आपटत काब्र नही?"

"सुबेदार साहेबांना विचार."

"नको रे बा. तिले दोन ब्लँकेट देतस ते, मले एक. मन्ही माय बी मले इतलं जपत नव्हती."

एकदा स्टोअरमध्ये लॅपटॉप साफ करताना तो त्याच्या हातून सुटला आणि दगडी पायरीवर पडला. देवरामचा चेहरा पांढरा झाला. मी बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला. रबरावर एक बारीक खूण होती, तेवढीच.

"कोणाला सांगू नको," मी म्हणालो.

"भाऊ, हाई तं आपलाहून भारी शे," तो म्हणाला. पण ती खूण तो फडक्याने पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

ऑगस्टच्या अखेरीस सातपुड्यात तीन दिवस पाऊस लागून राहिला आणि यावल तालुक्यातल्या नाल्यांना पूर आले. आमच्या कॉलमला, म्हणजे युनिटमधून निघणाऱ्या पथकाला, पूरमदतीचा हुकूम मिळाला. माझी सिग्नलची तुकडी सोबत होती. निघताना कॅप्टन साहेबांनी सांगितलं, "लॅपटॉप घ्या. ट्रायलमध्ये ऑपरेशनल यूज दाखवायचा आहे."

मला स्वतःला बरं वाटलं. आपल्याच जिल्ह्यात, आपल्या माणसांच्या कामी जातो आहोत, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका नाल्याच्या काठावर होतो. नाला म्हणजे एरवी मुलं पायी ओलांडतात तेवढा. त्या दिवशी त्याचं पात्र दोन्ही काठांच्या केळीच्या बागांत शिरलं होतं. पाणी गढूळ होतं आणि त्यातून केळीची खोडं, गड्ड्यासकट उपटलेली, वाहत येत होती. पलीकडच्या वस्तीतली माणसं शाळेच्या गच्चीवर बसलेली दिसत होती. बोट दुसऱ्या गावी गेली होती. लाइफ जॅकेट बोटीसोबत. फौजेच्या इंजिनियर्स शाखेच्या जवानांनी दोन्ही काठांच्या झाडांना एक दोर बांधला होता. हुकूम असा की एका हाताने दोर धरायचा, दुसऱ्या हाताने सामान. पाणी छातीपर्यंत.

रेडिओ सेट पाठीवर बांधून माझे दोन जवान आधीच पलीकडे पोचले होते. त्यांच्याशी बोलणं स्वच्छ होत होतं. गच्चीवर किती माणसं, किती लहान मुलं, कोण आजारी, सगळी माहिती आवाजाने मिळाली होती. लॅपटॉपचं तिथे काही काम उरलं नव्हतं.

यावलला थांबलेल्या कॅप्टन साहेबांना मी सेटवर घेतलं.

"पलीकडे व्हॉइस ओके आहे, सर. लॅपटॉप अलीकडेच ठेवण्याची परवानगी. ओव्हर."

"निगेटिव्ह. डेटा मेसेज पलीकडूनच हवा. ओव्हर."

"मग पेटी सोडून नुसता लॅपटॉप पाठीवर बांधून पाठवतो, सर. पाण्याने त्याला काही होत नाही. ओव्हर."

थोडा वेळ सेट खरखरला.

"निगेटिव्ह. पॅकिंगमध्येच न्या. डॅमेज नको. आउट."

आउट म्हणजे बोलणं संपलं.

देवराम शेजारीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"देवराम, पेटी डोक्यावर घे," मी म्हणालो. "एक हात पेटीला, एक दोराला. काही झालं तर पेटी सोड. ऐकलंस? पेटी सोडायची."

"हां उस्ताद." मग खालच्या आवाजात, "नि चौकशी बसनी तं?"

"मी सांगेन माझा हुकूम होता."

"तुमनं नाव खराब व्हई, भाऊ."

"ते मी बघतो. दोर सोडायचा नाही."

तो हसला आणि पाण्यात उतरला.

अर्धा नाला त्याने नीट पार केला. डावा हात दोरावर, उजवा डोक्यावरच्या पेटीला. गच्चीवरची माणसं त्याला हाका मारत होती. वरून केळीचा एक मोठा गड्डा, तीन-चार खोडं एकत्र, वळणावरून आला. मी ओरडलो. त्याने बघितलं आणि अंग वळवलं. गड्डा त्याच्या बरगडीला घासून गेला. तो धक्का मोठा नव्हता. त्याच्या पुढचा माणूस तसलेच दोन धक्के खाऊन पार झाला होता. पण त्या धक्क्याने पेटी डोक्यावरून घसरली.

"सोड! देवराम, पेटी सोड!"

माझा आवाज त्याला ऐकू गेला. त्याने माझ्याकडे बघितलंही. मग त्याने दोर सोडला आणि दोन्ही हातांनी पेटी धरली.

त्यानंतर तो दिसला नाही. पेटी दिसली. हिरवी पेटी एकदा वर आली, फिरली आणि बागेच्या दिशेने गेली. आमचे दोघे काठाने धावले. मी सेटवर गेलो.

"एक माणूस वाहून गेला, सर. लान्स नायक गावित. बोट ताबडतोब पाठवा. ओव्हर."

"बोट पाठवतो." मग लगेच, "इक्विपमेंट? ओव्हर."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. त्यांचा प्रश्न मात्र आजही त्याच आवाजात आठवतो. ते वाईट माणूस नव्हते. जवानांच्या रजेसाठी ते वरिष्ठांशी भांडत. त्यांच्याही वर कुणीतरी होतं, आणि त्यांनाही उत्तर द्यायचं होतं. इतक्या वर्षांत मी एवढंच समजून घेऊ शकलो.

पेटी तासाभरात मिळाली, बागेच्या कुंपणात अडकलेली. लाकूड एका कोपऱ्यात फुटलं होतं, फोम पाणी पिऊन फुगला होता. आतला लॅपटॉप मी काढला, पुसला, बटण दाबलं. तो सुरू झाला. काठावर उभ्या असलेल्या एका जवानाच्या तोंडून निघून गेलं, "चालू आहे!" आणि मग तो खाली मान घालून बाजूला गेला.

देवराम दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला. बाग ज्यांची होती त्या शेतकऱ्याने त्याला केळीच्या पानांवर निजवून वर स्वतःचं धोतर पांघरलं होतं. आम्ही पोचेपर्यंत तो शेतकरी शेजारी बसून होता.

माझं इंग्रजी बरं, म्हणून ट्रायलचा रिपोर्ट मला लिहायला सांगितला. पडण्याचा परिणाम, समाधानकारक. पाण्याचा परिणाम, समाधानकारक. शेवटी मी एक वाक्य लिहिलं, की या ट्रायलमध्ये लान्स नायक देवराम गावित मरण पावले, आणि यंत्राला वेगळी पेटी नसती तर ते वाचले असते. टाइप होऊन आलेल्या प्रतीत ते वाक्य नव्हतं. मी विचारलं. उत्तर मिळालं, "यंत्राचा रिपोर्ट आहे. माणसाचा वेगळा जातो."

वेगळा गेला. त्यात लिहिलं होतं की पेटीतलं यंत्र, म्हणजे सरकारी मालमत्ता, वाचवताना त्याने प्राण दिले. घरच्यांना त्याची प्रत मिळाली, पेन्शन लागली. नियमाने जे व्हायचं ते सगळं वेळेवर झालं.

दिवाळीनंतर रजेवर असताना मी धुळ्याहून साक्रीची बस धरली आणि तिथून जीपने त्याच्या पाड्यावर गेलो. त्याचे वडील, आबा, अंगणात नागलीची कणसं वाळत घालत होते. त्यांनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं.

त्यांच्या समाजात मरण पावलेल्या माणसाच्या नावाने दगड बसवण्याची रीत आहे. दगडावर माणूस कोरतात, कधी घोड्यावर बसलेला, आणि त्याच्या हातात त्याची वस्तू देतात. शेतकऱ्याला नांगर, वाजवणाऱ्याला त्याचं वाद्य. दगड घडवणारा कारागीर त्याच आठवड्यात आला होता. झाडाखाली त्याने दगड मांडला होता. माणूस कोरून झाला होता, टोपी झाली होती. हात बाकी होते.

"साहेब," कारागीर मला म्हणाला, "कागदमा मशीन लिखेल शे म्हणतस. ती मशीन कशी दिसस? मी तं देखी नही. तुम्ही काढी दाखाडा."

त्याने कोळसा माझ्या हातात दिला.

आबा माझ्याकडे बघत होते. "तुम्ही तठे व्हतात ना?" ते म्हणाले. "मन्हा पोऱ्याना हातमा काय व्हतं?"

मी कोळसा घेऊन दगडासमोर बसलो. पेटी मला डोळे मिटूनही काढता आली असती.

"दोर, आबा," मी म्हणालो.

"नि पेटी?"

"पेटी सरकारची होती. ती सरकारकडे परत गेली."

आबांनी थोडा विचार केला आणि कारागिराला मान हलवून खूण केली. मी दगडावर एक आडवी रेघ ओढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

तो दगड आजही पाड्याच्या वाटेवर उभा आहे. दर वर्षी त्याला शेंदूर आणि नवा रंग लागतो. लान्स नायक देवराम गावित त्यावर दोन्ही हातांनी दोर धरून उभा आहे.