विहारच्या वाटेवरचा काटा

लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, कुशाबा फिटरच्या दाराशी एक बायसिकल भिंतीला टेकून उभी असायची. साल अठराशे चौऱ्याण्णव. त्या काळी बायसिकल म्हणजे साहेबाची नाहीतर एखाद्या बड्या पारशाची मिजास. गिरणीत घाम गाळणाऱ्या माणसाच्या दारात ती दिसणं म्हणजे घोडा बांधलेला दिसण्यासारखंच होतं. माणसं जिना चढून नुसती बघायला यायची. शेजारच्या जाईबाईंना मात्र तिचं काडीचं कौतुक नव्हतं. त्या तिच्या दांडीवर ओली लुगडी वाळत घालायच्या, आणि कुशाबाने आरडाओरडा केला की शांतपणे विचारायच्या, मग एरवी तिचा उपयोग तरी काय?

गाडी खरं तर कुशाबाची नव्हतीच. गिरगावातले वकील गंगाधरराव यांनी विलायतेहून हवा भरलेल्या रबराची नवी गाडी मागवली, तेव्हा त्यांची ही जुनी, भरीव रबराची, हाडं खिळखिळी करणारी गाडी कुशाबाकडे आली. अट एकच होती. दर रविवारी गंगाधरराव आणि त्यांचे पाच मित्र शहराबाहेर लांब फेरीला जात. कुशाबाने पान्हा, पंप आणि रबराच्या ठिगळांची डबी पाठीला बांधून आपल्या गाडीवरून सगळ्यांच्या मागे यायचं. हवा जाऊन कोणाचं चाक बसलं तरच थांबायचं, एरवी फेरी थांबवायची नाही, हा मंडळींचा नियम. कुशाबाने तो ताबडतोब कबूल केला. त्याने काहीही कबूल केलं असतं.

कारण त्या फेरीने त्याला वेड लावलं होतं. सहा दिवस गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटात कान बधिर झालेला माणूस तो. रविवारी पहाटे परळनाक्यावरून मंडळी निघायची. दादरची भातखाचरं, माटुंग्याच्या ताडांच्या रांगा, शीवचा बांध, कुर्ला, असं करत करत वस्ती विरळ व्हायची. मग लाल मातीची एकाकी वाट, दोन्ही बाजूंना रान, समोर डोंगर, आणि एका चढावर गाडी चढली की विहारचं तळं एकदम डोळ्यांसमोर यायचं. पाण्यावर धुकं असायचं. पाणकोंबड्यांशिवाय कोणाचा आवाज नसायचा. मुंबईत नळाला येतं ते पाणी हेच, हे कुशाबाला दर वेळी नव्याने आठवायचं आणि खोटं वाटायचं.

त्या तळ्यावर त्याचा थोरला भाऊ गुणाजी चौकीदार होता.

गुणाजी म्हणजे कुशाबाला बापाच्या जागी. बाप गेला तेव्हा कुशाबा आठ वर्षांचा. त्याला मालवणहून गलबतात घालून मुंबईला आणला तो गुणाजीनेच, आणि वाटेत पोराला समुद्र लागला तेव्हा तीन दिवस मांडीवर घेऊन बसला तोही गुणाजीच. पुढे कापसाच्या तुसाने गुणाजीची छाती धरली, तेव्हा गिरणीतली आपली ओळखपाळख धाकट्यासाठी वापरून, त्याला फिटरच्या हाताखाली चिकटवून, तो स्वतः तळ्याची राखण करायला निघून गेला. तिथे त्याला आणि त्याची बायको गंगुबाईला एक झोपडी होती, पण सुट्टी नावाची गोष्ट नव्हती. आणि कुशाबाला सुट्टी होती ती एका रविवारची. म्हणजे भाऊ भेटायचे तर रविवारी, त्या वाटेवर, मंडळी थांबली तर.

पहिल्या दोन रविवारी मंडळी थांबली नाहीत. झोपडीसमोर रस्त्याखालून ओहोळ जायचा, त्या मोरीवर गुणाजी उभा राहिला आणि सहा गाड्या त्याच्यासमोरून सरकन गेल्या. सातव्या गाडीवरच्या भावाने हात वर केला, तेवढीच भेट.

तिसऱ्या रविवारी बरोबर मोरीवर एकाचं चाक बसलं. बाभळीचा काटा होता. तिथे रस्ता खडबडीत, मोरीच्या कडेने हातभर पट्टा तेवढा गुळगुळीत, म्हणून सगळे एकामागोमाग त्यावरूनच जायचे. कुशाबा झाडाखाली ठिगळ लावायला बसला. भोक शोधायला रबर पाण्यात बुडवावं लागतं, तर गुणाजी पाण्याने भरलेलं घमेलं घेऊन हजर. बुडबुडे बघता बघता दोघं बोलले. मंडळी तळ्याकाठी चिरूट ओढत बसली आणि भावांना चांगला अर्धा तास मिळाला.

"वायच बस मरे, सुकांदे त्याका," ठिगळ लावून झाल्यावर गुणाजी म्हणाला, आणि कुशाबा ठिगळ वाळायला लागतं त्याहून थोडा जास्तच बसला.

त्यानंतर हे नेहमीचंच झालं. चार रविवारांतून तीन वेळा मोरीवर कोणाचं तरी चाक बसायचं, आणि घमेलं भरलेलंच असायचं. साच्याच्या नुसत्या आवाजावरून कुठला बोल्ट ढिला झालाय ते सांगणाऱ्या कुशाबाला यात काहीच वावगं दिसलं नाही, असं तो पुढे सांगायचा. पण एकदा माघात त्याने रबरातून काटा उपटला तेव्हा काट्याच्या बुडाला वाळलेली चिकणमाती होती. वाटेवर कोसभर कुठे चिखल नव्हता. त्याने तो काटा बोटांत फिरवून बघितला आणि झुडपात फेकून दिला. काही गोष्टी कळून घ्यायच्या नसतात, त्यातली ती एक होती.

तोपर्यंत कुशाबाही बदलला होता. गंगाधररावांनी दिलेला जुना कोट अंगात, डोक्याला टोपी, शिवाय मंडळी त्याला मिस्त्री म्हणायची. त्या शब्दाने त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आणि समोर गुणाजी उघडाबंब, गुडघ्यापर्यंत चिखल, खोकत खोकत मालवणीत बोलणारा. एका रविवारी ठिगळ लावणं चालू असताना गंगाधरराव सहज जवळ आले आणि त्यांनी विचारलं, "कुशाबा, हा कोण रे? तुझ्या ओळखीचा दिसतो."

"गाववालो आमचो," कुशाबा म्हणाला आणि लगेच सुधारून घेतलं, "आमच्या गावचा आहे साहेब. चौकीदार."

गुणाजी दोन हातांवर उभा होता. घमेलं त्याच्या हातात होतं. गंगाधरराव मान डोलावून निघून गेले आणि कुशाबा रबरावर विनाकारण कानस घासत राहिला. दादा आता काहीतरी बोलेल म्हणून त्याने वाट बघितली. एक शिवी हासडली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. पुढच्या रविवारी गुणाजी अंगात सदरा घालून आला. घमेलं समोर ठेवलं आणि मंडळींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "घ्या मिस्त्री, पाणी."

कुशाबाला ते झोंबलं. पण घरी जाताना त्याच्या मनात आलं, बरं झालं, दादाला समजलं. असा विचार आपल्या मनात आला, याची लाज त्याला पुढे जन्मभर पुरली.

होळीच्या आदल्या रविवारी मोरीवर मंडळींतल्या एका पारशी शेटचं पुढचं चाक बसलं आणि शेट गाडीसकट खाली आले. गुडघा फुटला. मंडळी वैतागली. दर खेपेला इथेच कसं, असा प्रश्न निघाला, आणि कोणीतरी म्हणालं की मिस्त्रीची ठिगळंच कच्ची असतील. ही गाडी, हा कोट, ही वाट, सगळंच हातचं जातंय असं त्याला वाटलं. गंगाधररावांनी विचारलं, दुसरी एखादी वाट आहे का? कुशाबाने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, पवईच्या नव्या तळ्याकडची आहे, साफ आहे, बाभळी नाहीत. आपण एकट्याने कधीतरी इकडे येऊच, असं त्याने त्याच वेळी मनाशी ठरवून टाकलं.

ठरवायला काय लागतं? पवईची वाटही सुंदर होती. एक रविवार गेला, दोन गेले, पाडवा गेला. कुर्ल्याचा दगडू गवळी गवताची गाडी घेऊन लालबागला यायचा, त्याने एकदा सांगितलं की गुणाजीला ताप येतोय. तळ्यावर ताप कोणाला येत नाही, असं म्हणून कुशाबाने वेळ मारून नेली. वैशाखाच्या शेवटी दगडू पुन्हा आला, तेव्हा तो गाडीवरून खाली उतरला आणि डोक्याचं मुंडासं काढून उभा राहिला. गुणाजीला जाऊन तीन दिवस झाले होते.

कुशाबाने गिरणी बुडवली आणि बायसिकल काढून एकटाच विहारला गेला. मंडळी नाहीत, पुढे कोणाची पाठ नाही, हवं तिथे थांबायला मोकळा. हीच गोष्ट कुठल्याही रविवारी करता आली असती, हे त्याला शीवच्या बांधावर उमगलं आणि तिथून पुढे त्याला नीट दिसेना.

गंगुबाई झोपडीत भिंतीला टेकून बसली होती. तिने त्याला पाणी दिलं. कुशाबाची नजर कुडाला ठोकलेल्या फळीवर गेली. तिथे चिकणमातीचे लिंबाएवढे गोळे ओळीने मांडले होते. बूड चपटं, आणि प्रत्येकात एकेक बाभळीचा काटा टोक वर करून खोचलेला. वाळून दगड झाले होते.

"ह्यां काय, वहिनी?"

"तुमच्या दादाचा काम," ती म्हणाली. "आयतवारी सकाळी फाटफटी उठान मोरयेर एक ठेवीत. एकच. जास्ती ठेवले तर पोराक उशीर होतलो म्हणत." तिने फळीकडे बोट दाखवलं. "होळयेपासून तुम्ही येवक नाय. तरी दर आयतवाराक नवो करीत. सायबांनी वाट बदलली असतली म्हणत. सायबांचा काय, ते खयसूनय जातले."

आता तरी सांगायचं होतं. वाट साहेबांनी बदलली नव्हती. कुशाबाच्या जिभेवर ते आलं होतं. तो म्हणाला, "होय."

गोळे अकरा होते.

निघताना त्याने त्यातला एक उचलला. मोरीवर, कडेच्या गुळगुळीत पट्ट्यावर नेऊन ठेवला. मग वीस पावलं मागे गेला, गाडीवर बसला आणि त्याच्यावरून गेला. भरीव रबराखाली काटा कट्कन मोडला, मातीचा भुगा झाला. चाकाला काही झालं नाही. गाडी आपली उताराला लागली आणि झोपडी, झाड, मोरी सगळं मागे राहिलं.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुटल्यावर त्याने गाडी ढकलत गिरगावात नेली आणि गंगाधररावांच्या दारात उभी केली. कोट घडी करून बैठकीवर ठेवला. रविवारपासून येणं जमणार नाही म्हणाला. गंगाधररावांनी कारण विचारलं, तेव्हा त्याने एकदाचं सांगितलं, "विहारचा तो चौकीदार माझा सख्खा भाऊ होता. गेला."

गंगाधरराव वाईट मनाचे नव्हते. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"अरे, मग बोलला का नाहीस?" ते म्हणाले. "दर रविवारी थांबलो असतो आपण तिथे."

कुशाबाने त्यांना नमस्कार केला आणि लालबागपर्यंत चालत घरी आला.