कंप्युटरबाई आणि हाकललेला शिपाई

"थांबा, तो बोलून राह्यला."

एवढं म्हणून ती माऊसवरचा हात उचलायची, दोन बोटं हवेत धरायची, आणि खोलीतल्या बायांचे घास तोंडाशी थांबायचे. बोलणारा असायचा लॅपटॉपवरच्या खेळातला एक शिपाई. तो इंग्रजीत बोलायचा आणि ती ते आमच्या बोलीत सांगायची.

मूलच्या एका राईस मिलचा कारभार मी बघते. धानाची आवक, पोत्यांचा बारदाना, तुकडा तांदळाची कनकी, कोंडा, मजुरांची हजेरी. ती आमच्याकडे संगणकावर नोंदी करायला आली, वडसाकडची, तिशीतली, कामाला चोख. सकाळची कामं ती जेवणाच्या सुट्टीआधी संपवायची, त्यामुळे सुट्टीत ती स्वतःचा लॅपटॉप उघडून खेळत बसली तर मला बोलायला जागा नव्हती. बाया तिला कंप्युटरबाई म्हणत. उन्हाळ्यात ऑफिसात कूलर असतो म्हणून पोती शिवणाऱ्या बाया डबे घेऊन आत येऊ लागल्या, आणि कूलरसाठी आलेल्या बाया गोष्टीसाठी बसू लागल्या.

खेळ असा, की आपण एक तलवारवाली बाई व्हायचं आणि जादूच्या मुलखात हिंडायचं. बरोबर चार सोबती. मुक्कामाला शेकोटी पेटली की त्यांच्याशी बोलायचं. काय बोलायचं याची तीन-चार वाक्यं पडद्यावर येतात, त्यातलं एक निवडायचं. नीट बोललं की एखाद्या सोबत्याचा जीव आपल्यावर जडतो.

हे कळल्यावर बायांनी खेळ हातात घेतला. तलवारवालीचं लग्न जमवायचं होतं!

"हा धनुष्यवाला कसा आहे वो?" कौसल्याबाईने विचारलं. पोती शिवणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज तिचा.

"गाणे म्हणते. काम काई करत नाई."

"मंग राहू दे. असा एक माह्या घरी आहे."

शिंगं असलेली एक जादूगारीण होती, तिला बायांनी बहीण मानलं. राहिला शिपाई. कपाळावर वण, राजाने दरबारातून हाकललेला.

"शेती किती?"

"काईच नाई. घर बी नाई."

"बाप्पा! मंग खाईन काय ते?" असं म्हणाल्या, आणि सगळ्यांनी मिळून त्यालाच पसंत केलं. माणसाची ही निवड कशी होते, हे तुम्हाला कधी कळलं असेल तर मलाही सांगा.

खेळात बर्फ पडायला लागला तेव्हा कौसल्याबाई म्हणाली, "कापूस उडून राह्यला का? वरोऱ्याचा बाजार दिसते." बाहेर ऊन नुसतं भाजत होतं.

एके दिवशी मी हजेरीपत्रकावर सही घ्यायला दारात गेले, तर आत इतकं शांत की कूलरचं पाणी पडताना ऐकू येत होतं. शेकोटीजवळ शिपाई काहीतरी बोलला होता. कंप्युटरबाईने खालच्या आवाजात सांगितलं, "तो म्हणते, तू झोप. मी जागतो."

कौसल्याबाईने पदर तोंडाला लावला. "तू म्हणला?"

तोवर तो तिला 'तुमी' म्हणत होता. बाया कामावर गेल्यावर मी कंप्युटरबाईला तिथेच गाठलं. इंग्रजीत तर दोन्हीला एकच शब्द, मग हिला कसं कळलं?

"तिनं त्याची जखम बांधली नं मॅडम, काल," ती म्हणाली. "जखम बांधल्यावर कोणी तुमी म्हणते का?"

मी सही न घेताच परत आले. ज्यांनी तो खेळ बनवला त्यांनाही ठाऊक नसलेली एक पायरी हिने त्या दोघांच्या मध्ये ओळखली होती. ती वाचत नव्हती, ऐकत होती.

बायांत पार्वता होती. मागच्या साली तिचा नवरा मोहफुलं वेचायला जंगलात गेला आणि वाघाने नेला. तेव्हापासून ती कामाशिवाय बोलत नसे. दाराशेजारी बसायची, पडद्याकडे बघायची. शिपाई पसंत करताना तिने नुसती मान हलवली होती, पण ती पहिली होती.

एका संध्याकाळी मिल बंद करताना कंप्युटरबाई माझ्या टेबलापाशी आली. ती रोजची गोष्ट आदल्या दिवशी घरी खेळून बघत असे.

"मॅडम, तो मरते."

"कोण?"

"शिपाई. नदीवर. सगळे रस्ते पाहून आली मी. काई बी निवडलं तरी मरते."

पार्वताचा चेहरा आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर एकदमच आला असणार. मी सरळ सांगितलं, "मग वाचला म्हण. इंग्रजी कोणाला कळतंय?"

तिने मान हलवली. "पार्वताचा नवरा गेला तवा तिले असंच सांगतलं होतं. लागलं आहे, दवाखान्यात नेलं. ते गावापर्यंत पायी आली त्या भरवशावर. पुन्हा तसंच मी काऊन सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी माझं जेवण घेऊन ऑफिसातच बसले. पार्वता उठून गेली तर कोणीतरी मागे जायला हवं, एवढाच विचार होता.

शिपायाने एकट्याने शत्रूला नदीच्या उतारावर अडवून धरलं. गावची लेकरं पलीकडे गेली. मग तलवारवाली धावत आली. कंप्युटरबाईने एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. तो मेला, असंच म्हणाली.

कौसल्याबाई रडू लागली. पार्वता उठली नाही. तिने विचारलं, "पाणी पाजलं त्याले?"

"पाजलं."

"कोणं?"

"तिनंच. डोकस्कं मांडीवर घेतलं होतं."

"म्हंजे ते होती तिथी," पार्वता म्हणाली. "बरं झालं."

पडद्यावर पुढच्या मुक्कामाची खूण चमकू लागली. कंप्युटरबाईचा हात माऊसकडे गेला.

"कुठी चालली ते?" पार्वताने विचारलं.

"राजाच्या किल्ल्यावर."

"आजच? तेरवी नाई करत का त्याची?"

कंप्युटरबाईने पार्वताकडे पाहिलं, माऊस बाजूला सारला आणि म्हणाली, "करते."

मंडळी, मी व्यवहारी बाई आहे, पण पुढचे दिवस मी जे पाहिलं त्याला कोणत्या रकान्यात टाकावं ते मला अजून सुचलेलं नाही. रोज सुट्टीत ती लॅपटॉप उघडायची आणि खेळ तिथेच उभा ठेवायची. पडद्यावर नदीकाठी ती तलवारवाली उभी. तिचे खांदे श्वासाने वरखाली होत, केसांवर बर्फ साचल्यासारखा दिसे. समोर आमच्या बाया. मयताच्या घरी बसायला जातात तशा येऊन बसत. डबे कोणी आत आणत नसे. बाहेर जेवून, चूळ भरून येत.

तिसऱ्या दिवशी पार्वता बोलू लागली, त्या पडद्यावरच्या बाईशी. आमच्याकडे पाठ होती तिची. नवरा कसा शीळ घालत सायकल चालवायचा, तळ्यातल्या मासोळीचे काटे तिला काढून द्यायचा, लग्नात त्याला मोठा सदरा कसा झाला होता. नवऱ्याबद्दल ती बोलतेय हे मिलमध्ये कोणी प्रथमच ऐकत होतं. कंप्युटरबाई शेजारी बसून असायची. ती एरवी इतकी बोलणारी, पण त्या दिवसांत तिने तोंड उघडलं नाही. गोष्ट सांगणाऱ्याने कधी गप्प राहायचं, हे तिला कुठून आलं असेल?

तेराव्या दिवशी, तेरवीला, कौसल्याबाईने घरून शिरा करून आणला. सगळ्यांनी खाल्ला, मीही खाल्ला. मग पार्वताने हात पुसले.

"आता जाऊ द्या तिले. कोणतं दाबू?"

कंप्युटरबाईने तिचं बोट माऊसवर ठेवलं. पार्वताने दाबलं. ती बाई वळली आणि बर्फातून चालू लागली.

पावसाळ्याआधी गोष्ट संपली, आणि कंप्युटरबाईलाही गडचिरोलीत एका ऑफिसात नोकरी लागली. बायांनी तिची ओटी भरली. आता तिच्या जागी एक मुलगा येतो. काम चांगलं करतो, सुट्टीत घरी जातो. कूलर तोच आहे, बाया मात्र बाहेर झाडाखाली बसतात.

परवा एका जुन्या नोंदीसाठी मी तिला फोन केला. मागे बायांचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, पहिल्यापासून सुरू केली गोष्ट. इथल्या बायाइनं धनुष्यवाला पसंत केला."

"आणि आपला शिपाई?" 'आपला' हा शब्द माझ्या तोंडून कसा गेला कोण जाणे.

"आहे नं. चांगला आहे. अजून नदीवर पोचलो नाई आमी."

मी फोन ठेवला आणि शेडमध्ये गेले. पार्वता पोतं शिवत होती. शिपाई गडचिरोलीत आहे, चांगला आहे, असं मी तिला सांगितलं. तिने दोरा दातांनी तोडला आणि सुई पोत्यात खोचून ठेवली.

"जेवते नं तिथी बराबर?" तिने विचारलं.